सिरोंच्याचे छप्पर : गारा, कवेलू आणि शाकारणी

मराठीत ‘गार’ या एका शब्दाला तीन अर्थ आहेत. गार म्हणजे थंड, गार म्हणजे आकाशातून पडणारा बर्फाचा खडा आणि गार म्हणजे गारगोटीचा कठीण दगड. छपराखाली बसलेल्या माणसाला पहिल्या अर्थाशी फारसे कर्तव्य नसते. त्याच्या कवेलूवर आदळते ती दुसरी गार, आणि तिचा मार असतो तिसरीसारखा.

दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान विदर्भात कुठे ना कुठे गारपीट होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पांढऱ्याशुभ्र शेताचे छायाचित्र येते आणि त्याखाली काश्मीरची उपमा. उपमा दिसायला बरोबर असली तरी घराच्या दृष्टीने ती फसवी आहे. काश्मिरातला बर्फ छपरावर बसतो, इथला बर्फ छपरावर मारा करतो. संकट वेगळे, म्हणून बचावही वेगळा. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते तिथल्या सिरोंचा तालुक्यातले कवेलूचे घर डोळ्यांसमोर ठेवून हा बचाव कसा चालतो आणि तो आता का ढासळतो आहे, ते या लेखात पाहायचे आहे.

आधी बर्फाचे वजन पाहू. ताजा भुरभुरीत हिम हलका असतो. तो दबून बसला की एका घनमीटरचे वजन दोनशे ते तीनशे किलो भरते. अर्धा मीटर थर साचला तर छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर शंभर ते दीडशे किलोंचा भार येतो. म्हणून हिमाचलात पाटीच्या दगडाची तीव्र उताराची छपरे दिसतात. लडाखमध्ये मात्र हिम कमी आणि कोरडा. तिथे मातीची सपाट छपरे आहेत आणि हिम पडला की घरातले माणूस फावडे घेऊन वर चढते. एका ठिकाणी काम उतार करतो, दुसऱ्या ठिकाणी माणूस. थंड देशांत याखेरीज आणखी एक त्रास असतो. घरातल्या उबेने वरचा हिम खालून वितळतो, ते पाणी उतरत थंड वळचणीपाशी येते आणि तिथे पुन्हा गोठते. बर्फाचा बांध तयार होतो, त्यामागे पाणी तुंबते आणि फटींतून घरात शिरते.

गारांचे गणित भाराचे कमी आणि वेगाचे जास्त आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला तर तिचे वजन आठपट होते. दोन सेंटिमीटरची गार चार ग्रॅमच्या आसपास असते, तर चार सेंटिमीटरची तीस ग्रॅमच्या. मोठी गार पडतेही अधिक वेगाने. चार सेंटिमीटरच्या गारेचा वेग ताशी ऐंशी ते शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. वजन आणि वेग यांचा एकत्र हिशेब केला तर व्यास दुप्पट होताच आघाताची ऊर्जा साधारण सोळापट होते. हरभऱ्याएवढ्या गारांनी छपराचे काही बिघडत नाही आणि लिंबाएवढ्या गारांनी दहा मिनिटांत आकाश दिसू लागते, ते यामुळे. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशात मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत ती जगातली सर्वांत प्राणघातक गारपीट आहे. आपल्याकडे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात झालेली लांबलचक गारपीट अजून लोकांच्या स्मरणात आहे. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः गहू, हरभरा आणि फळबागांची. छपरांची चर्चा क्वचितच झाली.

इमारतीवर कोणता भार धरावा हे सांगणारे भारतीय मानक आय.एस. ८७५ पाच भागांत आहे. त्याचा तिसरा भाग वाऱ्यासाठी आणि चौथा हिमासाठी. गारांसाठी स्वतंत्र भाग नाही. गावातल्या छपराने मात्र त्याचे उत्तर आपल्या परीने शोधलेले दिसते.

सिरोंच्याचे जुने घर बहुधा दुपाखी असते. सागाचे किंवा जंगली लाकडाचे खांब, वर आढे, आढ्यापासून खाली उतरणारे वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या आणि त्यांवर कवेलू. गोदावरीकाठच्या या पट्ट्यात मराठी, तेलुगू आणि माडिया एकमेकांशेजारी बोलल्या जातात. कवेलूच्या घराला तेलुगूत ‘पेंकुटिल्लु’ म्हणतात. गावठी कवेलू कुंभाराच्या चाकावर नळीसारखे घडवायचे, ओले असतानाच उभे चिरून दोन अर्धनळ्या करायच्या आणि भाजायच्या. एक ओळ उताणी ठेवायची म्हणजे तिच्यातून पाणी वाहते. दुसरी पालथी ठेवायची म्हणजे पहिल्या दोन ओळींमधली फट झाकली जाते. खिळा नाही, चुना नाही. प्रत्येक कवेलू केवळ स्वतःच्या वजनाने आणि शेजाऱ्याच्या आधाराने बसलेले असते.

या रचनेत गारांविरुद्ध तीन गोष्टी कामाला येतात. पहिली उताराची. तीस अंशांच्या उतारावर सरळ पडणाऱ्या गारेच्या आघाताची ऊर्जा सपाट छपराच्या तुलनेत सुमारे पाव हिश्शाने कमी होते. मात्र वादळी वारा असेल तर गार तिरपी येते आणि वाऱ्याकडच्या पाखीवर जवळजवळ समोरून आदळते. म्हणून गारपिटीनंतर एक पाखी चाळणी झालेली आणि दुसरी शाबूत, असे चित्र दिसते. दुसरी गोष्ट दुहेरी थराची. वरचे पालथे कवेलू फुटले तरी खालचे उताणे बऱ्याचदा वाचते, आणि पाण्याची वाट तेवढी शिल्लक राहते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : फुटते ते एकेक कवेलू. हे छप्पर मुळात फुटण्यासाठीच बांधलेले असते, पण थोडे थोडे आणि हाताने बदलता येईल असे. सिमेंटचा पत्रा गारेने तडकला तर अख्खा पत्रा उतरवावा लागतो. कवेलू फुटले तर पाठीमागच्या परड्यात रचून ठेवलेल्या ढिगातले एक उचलून वर चढायचे, एवढेच.

हे ‘वर चढणे’ म्हणजेच शाकारणी. विदर्भात तिला ‘कवेलू फेरणे’ असेही म्हणतात. गारपीट झाली नाही तरी ती दरवर्षी करावी लागते, कारण वानरांच्या उड्या, वाऱ्याने सरकलेल्या ओळी, साचलेला पाचोळा आणि भुंग्याने पोखरलेल्या कामट्या यांना सुटी नसते. शाकारणी मृगाच्या आधी आटोपावी लागते. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर पाच हजार लिटर पाणी त्यावरून उतरते. त्यातले शंभरावा भागही आत आला तर पन्नास लिटर पाणी मातीच्या भिंतीत मुरते. भिंत मातीची असली की गळके छप्पर नुसते गैरसोयीचे राहत नाही. फुगलेली भिंत बसते, तिच्यावरचे वासे सुटतात आणि ‘घर फिरले की वासेही फिरतात’ ही म्हण शब्दशः खरी होते. मार्चमधल्या गारेने पाडलेले भोक जुलैमध्ये भिंत पाडते.

म्हणजे खरा बचाव गारपिटीच्या दहा मिनिटांत नसून पुढच्या अडीच-तीन महिन्यांत आहे. पण याच महिन्यांत इथल्या घरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा, आणि वर्षातली रोख मिळकत बऱ्याच घरांत त्यावरच. छपरावर चढावे की जंगलात जावे, हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. पूर्वी तो नातेवाईक आणि शेजारी मिळून सोडवत; आज तुझे घर, उद्या माझे. आता तरुण मुले काम शोधत गोदावरीपलीकडे तेलंगणात जातात आणि घरी उरलेल्या म्हाताऱ्या माणसाला शिडीवर चढवत नाही. कवेलू घडवणारा कुंभारही सहजी सापडत नाही.

तिसरी अडचण बांबूची. चोहीकडे बांबूचे जंगल असलेल्या जिल्ह्यात कामट्यांची अडचण पडावी, हे बाहेरच्या वाचकाला नवल वाटेल. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत धरले होते. या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला आणि गावकऱ्याला आपल्याच घरासाठी निस्तार हक्काच्या चौकटीत राहून तो मागावा लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. या लढ्याची चर्चा नेहमी स्वशासन आणि उत्पन्न या अंगांनी होते. छपराच्या अंगानेही ती व्हायला हवी. ज्याला योग्य वयाचा बांबू योग्य वेळी तोडता येतो, त्याचे छप्पर टिकते. तीन वर्षांहून जुना बांबू पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडून पाण्यात भिजवला की त्यातला गोडवा उतरतो आणि भुंगा लवकर लागत नाही. मे महिन्यात घाईने मिळेल तो कोवळा बांबू आणला तर दोन-तीन वर्षांत कामट्यांची भुकटी होते आणि वरचे शाबूत कवेलूही खाली येते.

या सगळ्याला कंटाळून लोक टिनाकडे आणि स्लॅबकडे वळले, तर त्यांना दोष देता येणार नाही. कवेलूत विंचू-साप राहतात, वानरे रोजची डोकेदुखी असते आणि चढणारा पडला तर अख्खे घर बसते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून किमान पंचवीस चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर दुर्गम व नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. स्लॅबला गार काही करू शकत नाही. टिनाला पोचे पडतात, पण ते बहुधा फुटत नाही. मात्र चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो त्या मे महिन्यात टिनाखाली दुपारी बसवत नाही. कवेलूंच्या फटींतून चुलीचा धूर आणि गरम हवा वर निघून जाई. तोच धूर बांबूला भुंग्यापासून जपत असे. नव्या छपराने गारांचे भय घटवले आणि उन्हाचे वाढवले.

नुकसान झाल्यावरच्या मदतीचा नियमही पाहण्यासारखा आहे. केंद्राच्या आपत्ती मदत निकषांत गारपीट आणि हिमस्खलन दोन्ही एकाच यादीत आहेत. घराची अंशतः पडझड धरण्यासाठी किमान पंधरा टक्के नुकसान दिसावे लागते. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांप्रमाणे त्यासाठी पक्क्या घराला ६५०० आणि कच्च्या घराला ४००० रुपये आहेत. पण कवेलूच्या घराचे नुकसान मार्चमध्ये पंधरा टक्क्यांहून कमी असते आणि ऑगस्टमध्ये भिंत बसली की त्याचे कारण पाऊस ठरतो. गार तोवर वितळून गेलेली असते.

मग ज्यांचे छप्पर आजही कवेलूचे आहे त्यांनी काय करावे? जुन्या माणसांचे शहाणपण आणि वरचे गणित यांची बेरीज सोपी आहे. दहातले एक या हिशेबाने कवेलू परड्यात राखून ठेवावीत. गारपीट थांबल्यावर लगेच वर चढू नये. ओले कवेलू निसरडे असते आणि तडा गेलेले पायाखाली दगा देते. दुसऱ्या दिवशी भर उन्हात घरात अंधार करून वर पाहावे. जिथे उजेडाचा कवडसा दिसेल तिथे खालून खूण करावी. आधी वाऱ्याकडची पाखी तपासावी. दोन पाखी जिथे आत वळून मिळतात त्या घळीत गारा आणि पाचोळा साचून थंड देशांतल्यासारखाच छोटा बांध तयार होतो; ती घळ पहिल्यांदा मोकळी करावी. चढताना पाय कवेलूवर न देता खाली वासा असेल त्या रेषेवर टाकावा, शक्यतो आडवी फळी ठेवून. आणि जमेल त्याने कवेलूखाली बांबूच्या तट्ट्याचा, मातीने लिंपलेला माळा करावा. वरचे कवेलू फुटले तरी तुकडा अंगावर येत नाही आणि उन्हाळ्यात गारवाही राहतो.

२०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वाजतगाजत गेले. त्याच जंगलातल्या गावात घराच्या कामट्या वेळेवर मिळाव्यात, तेंदूच्या हंगामातले चार दिवस शाकारणीसाठी मोकळे राहावेत आणि गारपिटीनंतरच्या पंचनाम्यात फुटलेले कवेलू मोजले जावे, एवढी मागणी काही फार मोठी नाही. लडाखचा माणूस फावडे घेऊन वर चढतो, सिरोंच्याचा माणूस काखेत चार कवेलू घेऊन. दोघांचेही छप्पर त्या चढण्यावरच उभे असते.