वाशीमहून मुंबई: अंतर आणि विमानाचा वेळ

वाशीमहून मुंबई किती दूर, या प्रश्नास एकच उत्तर देता येत नाही. नकाशावर सरळ रेषा आखल्यास हे अंतर सुमारे ४६० किलोमीटर भरते. रस्त्याने तेच साडेपाचशेच्या आसपास जाते. विमानाने जाऊ म्हटले तर वाशीमला प्रवासी विमानतळ नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी मोठ्या विमानांस अपुरी आहे. म्हणून बहुतेकांना मुंबईकडे पाठ फिरवून आधी नागपूर गाठावे लागते. उपचारांसाठी रुग्णास मुंबईस नेणाऱ्या कुटुंबांना हा हिशेब आधीच ठाऊक असणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर आहे. जेट विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. त्या हिशेबाने तासाभरात पोहोचावयास हवे. तथापि वेळापत्रकात साधारण दीड तास दिलेला असतो. जागेवरून निघून धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढताना व खाली उतरताना कमी असलेला वेग, मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्याची वाट पाहणे, हे सारे त्यात धरलेले असते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात, त्यामुळे मुंबईकडे जाताना काही मिनिटे अधिक लागू शकतात.

आता घरापासूनचा हिशेब मांडू. वाशीम ते नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे मोटारीने चार तास. तपासणीसाठी विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचणे, दीड तासाचे उड्डाण, आणि सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. एकूण साडेसात ते आठ तास! गंमत अशी, की नागपूर-मुंबई सरळ रेषा कारंज्याजवळून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यावरून जाते.

समृद्धी महामार्गाने हे गणित अधिकच बदलले. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. मालेगावजवळ त्यावर चढल्यास मुंबईही सात-आठ तासांत येते, म्हणजे विमानाइतकाच वेळ. मात्र बसून एवढा प्रवास न झेपणाऱ्या रुग्णास रेल्वेतील शायिका दोहोंपेक्षा बरी, मग वेळ थोडा अधिक लागला तरी चालेल.

अंतराचे गणित वाशीमला नवीन नाही. वाकाटकांची राजधानी असलेल्या या वत्सगुल्माचा उल्लेख सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी मध्यरेषेवरील स्थानांत केला आहे. इतर गावांची अंतरे व वेळ त्या रेषेपासून मोजीत. अर्थात आजच्या मोजणीनुसार वाशीम उज्जैनीच्या पूर्वेस सुमारे १.४ अंश आहे, म्हणजे सूर्य तेथे साडेपाच मिनिटे आधी उगवावा एवढा हा फरक.

अलीकडे एक पर्याय वाढला आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. वाशीमहून अमरावती सुमारे १३० किलोमीटर. तेव्हा नागपूरच्या तुलनेत रस्त्यावरचे जवळजवळ दोन तास वाचतात. या मार्गावरील विमान पंख्याचे व लहान असल्याने उड्डाणास थोडा अधिक वेळ लागतो, आणि सेवा रोजची नसल्याने रुग्णालयाची तारीख घेण्यापूर्वी विमानाचे वार पाहून घ्यावेत.