एंगल्सच्या रक्षेचा किनारा

लंडनच्या मुक्कामात एक दिवस वाढवता आला, तर तो सीफर्ड ते ईस्टबर्न या समुद्रकाठच्या पायवाटेला द्यावा. व्हिक्टोरिया स्थानकातून सकाळची गाडी धरून लुइसला बदलली की दीड-दोन तासांत सीफर्ड येते. पुढची वाट सुमारे 22 किलोमीटरची. चढउतार आणि रेंगाळणे धरून सहा-सात तास लागतात. ईस्टबर्नहून लंडनला थेट गाड्या असल्याने परतीची चिंता नसते.

पहिला अडथळा ककमिअर नदीचा. तिच्या मुखाशी पूल नाही. समोरचे कडे हाकेच्या अंतरावर दिसत असूनही एक्सीटच्या पुलापर्यंत आत जाऊन वळसा घालावा लागतो. तो घातला की सेव्हन सिस्टर्स सुरू होतात. खडूच्या या कड्यांचे माथे सात म्हणतात, मोजणाऱ्याला आठ भरतात. लाटा पायथा पोखरतात, वरचा भाग कोसळतो आणि आतला ताजा खडू उघडा पडतो; ही शुभ्रता म्हणजे झिजेचीच खूण. चित्रपटांत डोव्हरचे म्हणून अनेकदा हेच कडे दाखवले जातात. माथ्यावरचे गवत खालून पोकळ असू शकते, त्यामुळे छायाचित्रासाठी कडेला जाणे हा शुद्ध मूर्खपणा.

बर्लिंग गॅपला समुद्राने घरे एकेक करून गिळली आहेत. त्यापुढचे बेल टाउट दीपगृह 1834 साली सुरू झाले, पण उंच कड्यावर असल्याने धुक्यात त्याचा दिवा दिसेनासा होई. 1902 मध्ये बीची हेडच्या पायथ्याशी नवे दीपगृह उभे राहिले आणि जुने निवृत्त झाले. समुद्र मात्र त्याच्याकडे सरकतच होता. शेवटी 1999 मध्ये अख्खी इमारत जॅकवर उचलून, तुळयांवरून सरकवत 17 मीटर मागे नेण्यात आली.

तेथून चढ बीची हेडचा. 162 मीटर उंचीचा हा ब्रिटनमधला सर्वांत उंच खडूचा सागरी कडा. प्रवासी पुस्तकांत उंची आणि दीपगृह एवढ्यावर त्याची बोळवण होते. या कड्यासमोरच्या पाण्याशी जोडलेली सर्वांत विलक्षण घटना मात्र 27 ऑगस्ट 1895ची आहे.

कार्ल मार्क्सचा मित्र आणि सहकारी फ्रेडरिक एंगल्स लंडनचा रहिवासी, पण सुट्टी म्हटली की त्याची पावले ईस्टबर्नकडे वळत. घशाच्या कर्करोगाने ग्रासलेला असताना 1895च्या उन्हाळ्यातही तो तिथेच होता. जुलैच्या अखेरीस लंडनला परतला आणि 5 ऑगस्टला वारला. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांसाठी त्याने 14 नोव्हेंबर 1894 रोजी एक पत्र लिहून ठेवले होते. देहाचे दहन करावे आणि पहिल्या संधीला रक्षा समुद्रात सोडावी, अशी त्यात स्पष्ट सूचना होती. मराठी वाचकाला यात काही वेगळे वाटणार नाही, पण त्या काळच्या इंग्लंडात दहन हीच नवलाई होती. वोकिंगच्या दहनगृहात पहिले दहन 1885 साली झाले आणि त्यासंबंधीचा कायदा तर 1902 मध्ये आला. देवधर्म न मानणाऱ्या माणसाने रक्षाविसर्जन मागावे, यात आपल्याला गंमत वाटली तरी त्याला कर्मकांड नको होते. स्मारकही नको होते.

वोकिंगला दहन झाल्यावर चौघे ईस्टबर्नला आले: मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर, तिचा जोडीदार एडवर्ड एव्हलिंग, जुना कम्युनिस्ट शिंपी फ्रेडरिक लेस्नर आणि जर्मन समाजवादी एडुआर्ट बर्नस्टाइन. वल्ह्यांच्या होडीतून ते बीची हेडसमोर काही मैल आत गेले आणि रक्षाकलश पाण्यात सोडला. या चौघांपैकी तिघांचे पुढे काय झाले, हे त्या होडीपेक्षाही चटका लावणारे आहे. बर्नस्टाइनने पुढच्याच वर्षापासून गुरूच्या सिद्धांतांची उलटतपासणी मांडली आणि पक्षात वादळ उठवले. क्रांतीऐवजी सुधारणा, हे त्याचे म्हणणे इतरांना फितुरी वाटले. नंतरच्या युरोपचा इतिहास पाहता ते इतके सहज झटकण्यासारखे नव्हते. एलिनॉरने 1898 मध्ये विष घेऊन जीवन संपवले आणि काही महिन्यांतच एव्हलिंगही गेला. तिच्या रक्षेला समुद्र मिळाला नाही. समाजवादी आणि नंतर कम्युनिस्ट पक्षाच्या कचेऱ्यांतून फिरत ती 1956 मध्ये लंडनमधल्या हायगेटच्या दफनभूमीत आईवडिलांजवळ पोहोचली. त्याच वर्षी तिथे मार्क्सचे अवाढव्य मस्तकशिल्प बसवण्यात आले. ज्याने 1883 मध्ये त्याच दफनभूमीत मित्राच्या कबरीपाशी भाषण केले, त्याच्या नावाची कबर मात्र कुठेच नाही. हायगेटच्या दगडी थाटापेक्षा एंगल्सची निवड अधिक सुसंस्कृत वाटते.

कड्यावरून उतरण ईस्टबर्नच्या दिशेने. या उंचवट्यांवर घरे उठण्याची भीती 1920च्या दशकात होती. नगरपालिकेने मोठा भूभाग विकत घेतला म्हणून ही वाट आज मोकळी आहे. गावात शिरल्यावर किनाऱ्याने पिअरपर्यंत चालत जावे. तिथून आत जाणारा रस्ता कॅव्हेंडिश प्लेस. त्यावरच्या चार क्रमांकाच्या घरात एंगल्स उतरत असे. रेल्वे स्थानक तिथून पायी पंधरा मिनिटांच्या आत येते.