पर्जन्यछायेतला धबधबा

बीडहून पाटोद्याकडे निघालेली एसटी पालीजवळ आली की भर पावसाळ्यात प्रवाशांच्या माना आपोआप खिडकीकडे वळतात. बिंदुसरा तलाव भरला असेल तर सांडव्यावरून पाण्याची रुंद चादर कोसळत असते. पुढे मांजरसुंब्याचा घाट लागतो. त्याच परिसरात मन्मथस्वामींच्या समाधीचं कपिलधार आहे, तिथेही धबधबा. पाटोदा तालुक्यात शिरल्यावर नायगावचं मयूर अभयारण्य, 1994 साली जाहीर झालेलं. आणि जामखेडच्या अलीकडे सौताडा.

सौताड्याला सपाट माळ एकाएकी संपतो. विंचरणा नदी बालाघाटाच्या कड्यावरून थेट खोल दरीत उडी घेते. तळाशी रामेश्वराचं मंदिर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण झाला. थर सारखे टणक नसतात. खालचा ठिसूळ थर पाणी आधी पोखरतं, मग वरचा आधार सुटून ढासळतो आणि कडा उभाच्या उभा राहतो.

असा उभा कडा आणि त्यावरून कोसळणारं पाणी पाहून फियोर्ड आठवतात, पण नॉर्वे-न्यूझीलंडचे फियोर्ड घडले ते हिमनद्यांनी. त्यांनी कोरलेल्या दऱ्यांत पुढे समुद्र शिरला. न्यूझीलंडच्या मिलफोर्ड साउंडला ते आनाऊहून बस जाते, 1954 साली खुला झालेला होमर बोगदा ओलांडते आणि पुढची सहल बोटीतून होते. तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पावसाचा दिवस वाया गेला असं तिथे कुणी मानत नाही. कड्यांवरचे असंख्य धबधबे पावसापुरतेच जिवंत असतात.

बीडची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तीही भरवशाची नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. मांजरा धरण आटलं तेव्हा, 2016 साली, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. म्हणूनच सौताड्याचा धबधबा पाहायला येणारा इथला माणूस आधी विचारतो, "पाणी आहे का?" देखावा नंतर.

सौताड्याला बोटीची हौस मात्र भागत नाही. त्यासाठी महाबळेश्वर उतरून तापोळ्याला जावं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात डोंगरांच्या सोंडांमधून पाणी मैलोन्‌मैल आत गेलेलं आहे. महाराष्ट्रात फियोर्डच्या सर्वांत जवळ जाणारं हे दृश्य, पण ते माणसाने घडवलेलं आणि त्याखाली गावं बुडालेली. तापोळा-बामणोलीच्या लाँचमधून फिरताना एवढं ध्यानात असावं.

सौताड्याला असं काही बुडवावं लागलेलं नाही. बिंदुसरा, कपिलधार, नायगाव, सौताडा ही सगळी ठिकाणं एका दिवसात होण्याजोगी आहेत. श्रावण-भाद्रपदात दर रविवारी बीड आगारातून या वाटेने एक खास गाडी सोडायला एसटी महामंडळाने हरकत घेऊ नये.