खोपा विणतो 'तो', नाव मात्र 'ती'चं!

सुगरण म्हणजे जिच्या हाताला चव आहे ती. मूळ शब्द 'सुगृहिणी'. आपल्या लोकांनी हेच नाव चिमणीएवढ्या एका पक्ष्यालाही देऊन टाकलं, कारण त्याचा खोपा. फांदीच्या टोकाला लोंबणारा, वर फुगीर आणि खाली लांब नळी. इतकं नेटकं घर म्हणजे बाईचंच काम, असं सगळ्यांनी धरून चाललं. शाळेत शिकलेल्या बहिणाबाईंच्या कवितेतही पिल्लांसाठी खोपा करणारी 'ती'च आहे.

आता जुलै-ऑगस्टमध्ये टिटवाळा-खडवलीकडे जा आणि भातशेतीच्या बांधावर, शिंदीच्या झाडापासून थोडं लांब अर्धा तास उभे राहा. चोचीत हिरव्या पट्ट्या घेऊन ये-जा करणारे सगळे पिवळ्या डोक्याचे दिसतील. ते नर! मादी साधी, मातकट, पटकन चिमणीच वाटेल अशी.

नराची मेहनत बघण्यासारखी असते. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला कडेला चावा घ्यायचा, टोक चोचीत धरायचं आणि उडायचं. पाती उभी फाटते आणि लांबलचक पट्टी हातात, म्हणजे चोचीत! मग गाठी, फासे, विणकाम. एका खोप्याला साधारण १८ दिवस आणि ५०० पर्यंत खेपा. अर्धा खोपा उलट्या टोपीसारखा दिसतो. त्यात तो ओल्या मातीचे गोळे चिकटवतो. या मातीत काजवे खोचून सुगरण रात्री घरात दिवा लावते, अशी जुनी समजूत आहे. खरी नाही, पण काय भारी कल्पना!

या टोपीच्या टप्प्यावर मादी येते. आत शिरते, इकडेतिकडे ओढून बघते. पसंत पडलं तर तो नळी विणून घर पूर्ण करतो. नाही पडलं तर मेहनत वाया. घर झाल्यावर अंडी उबवणं तिच्याकडे, आणि हे महाशय दुसरा खोपा विणायला घेतात, दुसरीसाठी!

हे सगळं नीट मांडलं सालिम अलींनी. १९३० मध्ये ते जर्मनीहून शिकून परतले, तर मुंबईच्या म्युझियममधली नोकरी पैशांअभावी गेलेली. मग मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला. तिथे घराजवळच सुगरणींची वस्ती होती. त्यांनी ती महिनोन् महिने पाहिली आणि १९३१ मध्ये त्यावर लेख लिहिला. नोकरी शोधणाऱ्या आपल्या पिढीला ही गोष्ट आवडायला हरकत नाही.

मग नाव चुकलं का? मला पक्ष्याच्या नावापेक्षा शब्दाचीच गंमत वाटते. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा अफाट डाळखिचडी करतो. त्याला 'सुगरण' म्हटलं की सगळे हसतात. पुरुषासाठी आपल्याकडे थेट 'बल्लवाचार्य', म्हणजे पदवीच! रोजच्या घरकामातल्या हुशारीला पुल्लिंगी शब्दच नाही. पक्षिनिरीक्षकही 'सुगरणीचा नर' म्हणून वेळ मारून नेतात.

या पक्ष्याला लागतं तरी काय? शिंदी किंवा बाभूळ, जवळ पाणी आणि उंच गवत किंवा भात. कल्याण-शीळ रोडला आणि ठाण्यात घोडबंदरकडे जिथे भात डोलायचा तिथे टॉवर आले. गवत तोडायलाच मिळालं नाही तर विणणार कशाचं? त्यात हॉलमध्ये टांगायला खोपे काढून नेणारे हौशी लोक आहेतच. "रिकामाच होता हो," असं म्हणतात. पण खालून आतली अंडी दिसत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणंही येतं.

जाणार असाल तर सकाळची लोकल पकडा, दुर्बीण घ्या. खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण नैऋत्येचा वारा-पाऊस तिकडे कमी लागतो. आणि नळी नसलेल्या, सुकून पिवळ्या पडलेल्या टोप्या लटकताना दिसल्या, तर बहुतेक मॅडम तिथे बघून गेल्यात.