वाय-फाय दिसतं, पण जोडलं जात नाही
वाय-फायचं नाव यादीत दिसतं, पासवर्डही बरोबर, तरी लॅपटॉपवर काही उघडत नाही. मग राउटर बंद-चालू करायचा. कधीकधी जमतंही!

पण लॅपटॉपचा आयपी पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर सिग्नलला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून त्याला बहुधा उत्तरच मिळालेलं नसतं. लग्नाच्या हॉलमध्ये अडीचशेएक पत्त्यांचा साठा सहज संपतो, कारण जेवून निघून गेलेल्या पाहुण्याचा पत्ताही मुदत सरेपर्यंत अडकून राहतो. तिथे मुदत दिवसाऐवजी तासाभराची ठेवलेली बरी.

जुन्या प्रिंटरचं दुखणं वेगळं. कित्येकांना 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा दिसतच नाही, तर काहींना डब्ल्यूपीए3 ही सुरक्षा झेपत नाही. त्यांच्यासाठी 2.4 गिगाहर्ट्‌झवर डब्ल्यूपीए2 चालू ठेवावं लागतं.