दोन गावांत राहणारा क्षयरोगी

मुंबईत क्षयरोगाची मोठी झळ दाटीच्या वस्त्यांना बसते, आणि तिथे बाहेरगावचे मजूर बरेच असतात. बुलढाणा जिल्ह्यातूनही सुगी संपली की अनेक जण मलकापूर, नांदुरा, शेगावहून रेल्वेने मुंबई-पुण्याकडे कामाला जातात आणि पेरणीला परततात.

खोकल्यातून उडालेला मोठा थेंब खाली पडतो. सूक्ष्म थेंब मात्र वाळून काही मायक्रॉनचा उरतो आणि कोंदट जागेत तासन्‌तास तरंगतो. खिडकी नसलेल्या खोलीत आठ-दहा जण झोपतात, तेव्हा तीच हवा सगळ्यांच्या छातीत जाते. तरीही संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो; पहिल्या दोन वर्षांत धोका अधिक असतो. मुंबईत शिरलेला जंतू गावी परतल्यावर डोके वर काढू शकतो, तर गावात दबून राहिलेला जंतू शहरातल्या अर्धपोटी कष्टांत उसळू शकतो. म्हणून रोग कोणी कुठे नेला, हा वाद फोल आहे.

क्षयावर घरी राहून उपचार होतात, याचे मोठे श्रेय मद्रासला जाते. 1956 साली तिथे क्षयरोगाच्या औषधोपचारांचे केंद्र सुरू झाले. त्या केंद्रातील वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतील काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये विश्रांती आणि सकस आहार दिला, इतरांना घरीच औषधे दिली. 1959 साली निष्कर्ष आला: दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. घरच्या माणसांनाही जादा धोका दिसला नाही. रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये लावलेल्या क्षयजंतूच्या शोधाइतकेच हे कामही भारतीय वाचकाला ठाऊक असायला हवे.

पण घरी उपचारांच्या या पद्धतीत रुग्ण कोर्स संपेपर्यंत एका ठिकाणी राहतो, हे गृहीत आहे; आणि कोर्स लांब असतो. क्षयाच्या एका जंतूचे दोन व्हायला 15 ते 20 तास लागतात. काही जंतू तर जवळजवळ निपचित असतात आणि औषधाला सहज दाद देत नाहीत. म्हणून साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि पेरणी आली की गोळ्या सुटतात. उरलेले जंतू पुन्हा वाढतात; अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षयही तयार होऊ शकतो.

रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत असते आणि उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतात. गाव सोडण्यापूर्वी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना सांगावे, निक्षय क्रमांक आणि प्रवासापुरत्या गोळ्या सोबत घ्याव्यात. मुक्काम बदलला तरी कोर्स पुरा करावा.