बाळ बसू लागते ते कसे?

शेजारचे मूल आधी बसले की घरातील वडीलधाऱ्यांच्या उत्सुकतेचे रूपांतर काळजीत होते. ही काळजी बहुधा अनाठायी असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या देशांतील निरोगी बालकांविषयीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. त्यांनुसार मूल आधाराशिवाय सरासरी ६ महिन्यांचे झाले असता बसते. तथापि काही मुले ४ महिन्यांच्या आतच बसतात, तर काहींना ९ महिने उलटावे लागतात.

शरीरावरील ताबा डोक्याकडून खाली उतरत जातो. प्रथम मूल मान धरते, मग पाठ सावरते, शेवटी कंबर. मान न धरलेल्या मुलाला बसविण्याचा खटाटोप म्हणूनच व्यर्थ होय. पहिल्यापहिल्याने मूल पुढे वाकून दोन्ही हात जमिनीवर टेकते व तिवईसारखे बसते. मग खुळखुळ्यासाठी एक हात उचलते आणि कलंडते. या कलंडण्यातच खरे शिक्षण आहे. तोल ढळल्याची वार्ता डोळे, अंतर्कर्ण व स्नायू मेंदूस पोहोचवितात आणि पाठीपोटाचे स्नायू आवळून तो सावरण्यास मेंदू हळूहळू शिकतो. चहूबाजूंनी उशा रचून सदैव ताठ बसविलेल्या मुलाचा तोल ढळतच नाही. मग त्याने शिकावे काय?

मात्र साहाय्य निरुपयोगी आहे असे नव्हे. पश्चिम केनियातील किप्सिगी माता जमिनीत लहानसा खळगा करून त्यात मुलाला बसवितात. तेथील मुले अमेरिकन मुलांपेक्षा सुमारे एक महिना आधी बसू लागतात, असे चार्ल्स सूपर यांनी १९७६ साली नमूद केले. जे मुद्दाम शिकविले जात नव्हते, त्या रांगण्यात मात्र ती पुढे नव्हती!

आपल्या घरी सतरंजी पुरे. मोठ्या माणसाने मागे बसून मुलाला काखेत न धरता कमरेशी धरावे, समोर खेळणे ठेवावे आणि आधार दिवसेंदिवस कमी करावा. जागेपणी त्याला पालथेही खेळू द्यावे. त्याने मान व पाठ बळकट होतात. पलंगावर बसवून दूर जाऊ नये. उशांत टेकून बसलेले मूल पेंगू लागल्यास लगेच उताणे निजवावे, कारण मान पुढे पडून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

नऊ महिने उलटूनही मूल बसत नसेल, किंवा त्याचे अंग फार सैल अथवा ताठर वाटत असेल, तर डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करू नये. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय मात्र जन्मदिवसापासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.